एकाच खोलीतले दोन डास आणि एकच विषाणू: डासाची जनुके नेमके काय करतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात डेंग्यूचा रुग्ण होता, त्याला चावलेले डास त्याच खोलीतले होते, तरी अशा प्रत्येक डासापासून डेंग्यू पुढे पसरतोच असे नाही, हे आपल्या वाचनात आले. मग हा फरक डासाच्या जनुकांमुळे पडतो का, ती जनुके विषाणूला मदत करतात की अडवतात, आणि जनुके बदलून डेंग्यू न पसरवणारा डास तयार करता येईल का?

फरक जनुकांमुळे पडतो, मात्र केवळ जनुकांमुळे नाही. मदत की अडवणूक, याचे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे, आणि कित्येकदा एकच जनुक दोन्ही बाजूंनी खेळते. तिसऱ्या भागाकडे शेवटी येतो. डासांच्या आतड्यांत आणि लाळग्रंथींत बरीच वर्षे डोळे घातल्यावर माझे मत असे झाले आहे की विषाणूचा समूळ नाश करणे हे डासाच्या जनुकांना साधायचे नसतेच. स्वतःला जगता यावे, अंडी घालता यावीत, इतपत विषाणूला आटोक्यात ठेवले की डासाचे काम भागते. उरलेला विषाणू माणसाला रोगी करतो, पण तो प्रश्न आपला आहे, डासाचा नव्हे. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीभोवती फिरते.

डास म्हणजे उडती सुई, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागते. रुग्णाचे रक्त सोंडेला लागले आणि तेच पुढच्याला टोचले, अशा रीतीने डेंग्यूच्या साथी पसरत नाहीत. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती या डासाची मादी एका वेळी साधारण २ ते ३ मायक्रोलिटर रक्त पिते. त्यातला विषाणू तिच्या मधल्या आतड्यात उतरतो, आतड्याच्या एकेरी थराच्या पेशींत शिरून वाढतो, त्या पेशींखालचे पातळ पटल ओलांडून शरीरभर खेळणाऱ्या द्रवात येतो, चरबीच्या पेशींपासून चेतापेशींपर्यंत पसरतो आणि शेवटी लाळग्रंथींत शिरून लाळेत उतरतो. डेंग्यूचा विषाणू असा ‘पिकायला’ साधारण ८ ते १२ दिवस लागतात, उष्ण हवेत कमी आणि थंड हवेत जास्त. डासाचे आयुष्यच दोन-चार आठवड्यांचे असल्यामुळे या दिवसांना फार महत्त्व आहे. समजा, रोज दहा टक्के माद्या मरतात. मग दहा दिवसांनी शंभरातल्या सुमारे ३५ उरतात आणि सात दिवसांनी सुमारे ४८. म्हणजे एखाद्या जनुकाने विषाणू मारला नाही, केवळ त्याची वाढ तीन दिवसांनी लांबवली, तरी लाळेत विषाणू घेऊन हिंडणाऱ्या माद्यांची संख्या पाव भागाहून अधिक घटते. जनुकांचा परिणाम ‘वाढतो की वाढत नाही’ एवढ्यावर मोजू नये, ‘किती दिवसांत वाढतो’ यावरही मोजावा, असे म्हणतात ते या हिशोबामुळे.

हे प्रत्यक्ष कसे मोजतात तेही सांगतो, कारण इथेच बऱ्याच गैरसमजांचा उलगडा होतो. काचेच्या फीडरच्या तोंडावर कोंबडीची कातडी ताणून बसवतात, भोवती ३७ अंशांचे पाणी खेळवतात आणि आत विषाणू मिसळलेले रक्त ठेवतात. आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेल्या माद्या कातडीला खालून लटकतात आणि पाहता पाहता त्यांची पोटे डाळिंबाच्या दाण्यासारखी टपोरी होतात. नीट न प्यायलेल्या माद्या वेगळ्या काढतात. दहा ते चौदा दिवसांनी उरलेल्यांना बर्फावर गारठवून सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकीचे पाय आणि पंख काढले जातात, आणि सोंड तेल भरलेल्या बारीक काचनळीत अडकवली जाते. मादी अर्धा-पाऊण तास लाळ सोडत राहते. तेलात ती सुईच्या टोकाएवढ्या थेंबांनी दिसते. मग पोट, पाय आणि लाळ यांची वेगवेगळी तपासणी होते. पोटात विषाणू आहे पण पायांत नाही, याचा अर्थ तो आतड्यातच अडकला. पायांत आहे पण लाळेत नाही, म्हणजे लाळग्रंथींनी अडवला. एकाच अंड्यांच्या पट्टीतून निघालेल्या, एकाच भांड्यातले रक्त एकाच वेळी प्यायलेल्या माद्यांत हे सगळे प्रकार शेजारी शेजारी सापडतात. नवीन विद्यार्थ्याला पहिल्यांदा ही नोंद दिसते तेव्हा आपलाच हात कुठेतरी चुकला असे त्याला वाटते.

हा फरक वंशपरंपरेने चालत येतो, हे जनुकांची अक्षरे वाचता येण्याच्या कितीतरी आधी कळले होते. १९७० च्या दशकात ड्युएन गुब्लर आणि लिऑन रोझेन यांनी वेगवेगळ्या प्रदेशांतले एडिस डास एकाच डेंग्यू विषाणूला सामोरे केले, तेव्हा काही ठिकाणचे डास सहज बाधित झाले आणि काही ठिकाणचे बधेनात. पुढे अमेरिकेत कोलोरॅडो येथे विल्यम ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बधणाऱ्या आणि न बधणाऱ्या वाणांचा संकर करून, आतड्याचा अडसर गुणसूत्रांवर कुठे बसला आहे याचा माग काढला. एडिस इजिप्तीला गुणसूत्रांच्या तीनच जोड्या असतात. अडसराचे दुवे त्यांपैकी एकाहून अधिक गुणसूत्रांवर सापडले. २००७ मध्ये या डासाचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची सगळी अक्षरे, प्रसिद्ध झाला आणि २०१८ मध्ये त्याची बरीच नेटकी जुळणी हाती आली. तो सुमारे १.३ अब्ज अक्षरांचा आहे आणि त्याचा फार मोठा भाग जागा बदलणाऱ्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांनी व्यापलेला आहे. एवढे सगळे होऊनही ‘डेंग्यूचे जनुक’ असे एकच एक काही सापडलेले नाही, आणि ते सापडेल अशी माझी अपेक्षाही नाही.

आता पेशीच्या आत जाऊ. डेंग्यूच्या विषाणूचा सगळा संसार सुमारे १०,७०० अक्षरांच्या आरएनएच्या एका धाग्यात मावतो आणि त्यातून जेमतेम दहा प्रथिने तयार होतात. एवढ्या भांडवलावर कुणालाही स्वतंत्र धंदा करता येत नाही; बाकीचे सगळे डासाच्या पेशीकडून उसने घ्यावे लागते. पेशीवर चिकटायला डासाचीच प्रथिने लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतही गेल्या शतकाच्या अखेरीस एडिस इजिप्तीच्या आतड्याच्या अस्तरावर चिकुनगुन्याच्या विषाणूला धरणारी प्रथिने शोधण्याचे काम झाले. आत शिरल्यावर विषाणू ज्या पिशवीत असतो ती आम्ल व्हावी लागते, नाहीतर त्याचे आवरण उलगडतच नाही. ती आम्ल करणारा पंप डासाच्या जनुकांतून बनतो. प्रती काढण्यासाठी विषाणू पेशीतली पटले वाकवून त्यांचे आडोसे उभारतो आणि त्यासाठी लागणारी स्निग्ध द्रव्ये डासाच्या चयापचयातून खेचून घेतो. यांपैकी कोणत्याही जनुकाचा आवाज कमी केला की विषाणूची वाढ मंदावते. पण डासालाही तीच जनुके जगण्यासाठी हवी असतात, त्यामुळे ती बंद करणे हा काही उपाय होत नाही.

या उसनवारीचा सर्वात धूर्त प्रकार डासांतूनच पसरणाऱ्या वेस्ट नाईल विषाणूत दिसला. डासाच्या शरीरात सी-प्रकारची लेक्टिने नावाची प्रथिने असतात. घुसखोराच्या अंगावरची शर्करा ओळखून त्याला धरणे, हे अशा प्रथिनांचे काम. २०१० मध्ये असे दाखवण्यात आले की वेस्ट नाईल विषाणू शिरताच अशा एका लेक्टिनाचे उत्पादन वाढते, ते विषाणूला चिकटते आणि त्याला पेशीच्या पृष्ठावरील दुसऱ्या एका प्रथिनापर्यंत नेऊन पोचवते. पहारेकऱ्यानेच चोराला हात धरून आत न्यावे, तसा हा प्रकार आहे. हेच जनुक कागदावर ‘प्रतिकारशक्तीचे’ या सदरात मोडते. म्हणून ‘हे जनुक विषाणूच्या बाजूचे की विरुद्ध’ असे विचारणे बहुतेक वेळा अपुरे ठरते. कोणत्या विषाणूच्या, कोणत्या ऊतीत आणि कितव्या दिवशी, हेही विचारावे लागते.

अडवणाऱ्या जनुकांमध्ये पहिला मान आरएनए-हस्तक्षेपाच्या यंत्रणेचा. डासाकडे आपल्यासारखी प्रतिपिंडे नाहीत आणि विषाणूविरुद्ध पेशींना सावध करणारे इंटरफेरॉनही नाही. पण विषाणू प्रती काढू लागला की त्याच्या आरएनएचे दुहेरी धागे तयार होतात आणि निरोगी पेशीत असे लांब दुहेरी धागे सहसा नसतात. डायसर-२ हे प्रथिन ते ओळखून त्यांचे २१ अक्षरांचे तुकडे करते. आर-२-डी-२ हे सहायक ते तुकडे आर्गोनॉट-२ या प्रथिनाच्या हवाली करते, आणि आर्गोनॉट-२ त्या तुकड्याचा नमुना हाती घेऊन जुळणारा प्रत्येक विषाणू-आरएनए कापत सुटते. २००९ मध्ये कोलोरॅडोतील संशोधकांनी एडिस इजिप्तीत ही तीन जनुके एकेक करून तात्पुरती दाबली, तेव्हा डेंग्यूच्या चार प्रकारांपैकी डेंग्यू-२ या विषाणूची वाढ वाढली आणि तो लाळेत नेहमीपेक्षा लवकर पोचला. मघाच्या दिवसांच्या हिशोबाचे महत्त्व इथे पुन्हा दिसते.

मग प्रश्न उरतो की इतकी धारदार कात्री हाताशी असताना डेंग्यूचा विषाणू आतड्यात टिकतोच कसा? याचे एक फार सुंदर उत्तर २०१८ मध्ये ब्राझीलमधून आले. डायसर-२ ला मदत करणारे लॉक्स-२ नावाचे एक प्रथिन आहे आणि त्याचे जनुक एडिस डासांतच आढळते. ते जनुक शरीरात इतरत्र चालू असते, पण मधल्या आतड्यात त्याचा मागमूस लागत नाही. म्हणजे विषाणू ज्या दारातून आत येतो, नेमक्या त्याच दारावरचा पहारा ढिला असतो. संशोधकांनी कृत्रिम रीतीने हे जनुक आतड्यात चालू केले, तेव्हा विषाणूची तिथली वाढ आणि पुढचा प्रसार, दोन्ही रोखले गेले. गेल्या काही वर्षांत या विषयावर मी जे वाचले त्यात इतके नेमके बोट ठेवणारे दुसरे काम मला चटकन आठवत नाही. जनुक असणे पुरेसे नसते, ते योग्य जागी आणि योग्य वेळी चालू असावे लागते, हे याहून स्वच्छ कुठे दिसणार?

याच यंत्रणेवरच्या आणखी एका प्रयोगाने माझ्या विचाराची दिशा बदलली. २००८ मध्ये अमेरिकेत, डासांतून पसरणाऱ्या सिंडबिस या विषाणूत, कीटकांच्या दुसऱ्या एका विषाणूचे बी-२ हे प्रथिन घालण्यात आले. बी-२ आरएनए-हस्तक्षेपाला निकामी करते. एरवी सिंडबिस डासाच्या अंगात जन्मभर राहतो आणि डासाला त्याचा फारसा त्रास होत नाही. पण बी-२ घेऊन आलेला विषाणू बेसुमार वाढला आणि डास मरू लागले. अलीकडे क्रिस्पर या जनुके कापण्याच्या तंत्राने आर्गोनॉट-२ जनुक बंद केलेल्या एडिस डासांतही असेच आढळले: विषाणू जास्त वाढला आणि डास जास्त मेले. याचा अर्थ असा की ही कात्री विषाणूला संपवत नाही, पण ती नसेल तर विषाणूच डासाला संपवतो. विषाणूच्या दृष्टीनेही हे सोयीचेच आहे. वाहनच मोडले तर प्रवास संपला. जो डास विषाणू सहन करत महिनाभर जगतो तो साथीसाठी सर्वात घातक, आणि असा डास घडवण्याचे काम डासाच्या ‘संरक्षक’ जनुकांनीच केलेले असते.

याच्याच जोडीला दुसरी एक लहान आरएनएची यंत्रणा आहे, पिवी प्रथिनांची. फळमाशीत पिवी कुळातली तीन जनुके आहेत, एडिस इजिप्तीत आठ. ही यंत्रणा मुळात जागा बदलणाऱ्या जनुकतुकड्यांना लगाम घालण्यासाठी असते, पण एडिसमध्ये तिने विषाणूंकडेही मोर्चा वळवलेला दिसतो. त्याहून नवलाची गोष्ट अशी की विषाणूचा आरएनए पेशीत वाढत असताना त्याच्या काही तुकड्यांचे डीएनएत रूपांतर होते आणि ते तुकडे पेशीत राहून पुढच्या बंदोबस्ताला उपयोगी पडतात. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०१६ मध्ये डासांना एचआयव्हीच्या रुग्णांना देतात ते झिडोव्हुडिन हे औषध पाजले. त्यामुळे हे रूपांतर थांबले आणि एरवी चिकुनगुन्या सहज सोसणारे डास त्याच संसर्गाने मरू लागले. प्राचीन काळी असे काही तुकडे डासाच्या जीनोममध्येच कायमचे रुतून बसले आहेत. २०२० मध्ये अशाच एका तुकड्याला कात्री लावून तो काढून टाकला, तेव्हा त्याच्याशी जुळणाऱ्या, केवळ कीटकांत राहणाऱ्या विषाणूची वाढ डासाच्या अंडाशयात वाढली. जुन्या दुखण्याची नोंद डासाने आपल्या जनुकांत ठेवावी आणि ती पिढ्यान् पिढ्या कामी यावी, याची कल्पना माझ्या विद्यार्थिदशेत कुणी मांडली असती तर परीक्षकांनी भुवया उंचावल्या असत्या.

घुसखोराची चाहूल लागताच पेशीतली संरक्षक जनुके जागी करणाऱ्या टोल आणि जॅक-स्टॅट या दोन संदेशवाहिन्यांबद्दल आपण इतरत्र वाचले असेलच, म्हणून थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जॉर्ज डिमोपुलोस यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले की टोल मार्गाला आवर घालणारे कॅक्टस हे जनुक दाबले की आतड्यातला डेंग्यू घटतो आणि त्या मार्गाचा दुवा असलेले मायडी-८८ दाबले की वाढतो. जॅक-स्टॅटचेही तसेच. पुढे याच गटाने जॅक-स्टॅट मार्गाची दोन जनुके आतल्या चरबीच्या ऊतीत जोरात चालवणारे डास तयार केले. त्यांत डेंग्यू कमी वाढला, पण झिका आणि चिकुनगुन्या यांच्यावर काही परिणाम झाला नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवलेला डास’ अशी बातमी वाचली की मी पहिल्यांदा हे पाहतो: कोणत्या विषाणूविरुद्ध? विषाणूही गप्प बसत नाही, हे सांगायला नकोच. डेंग्यूच्या जीनोमचे शेपूट पेशीच्या कात्रीने पुरते कुरतडले जात नाही. ते उरलेले शेपूट साठत जाते आणि आरएनए-हस्तक्षेप व टोल या दोघांनाही अडथळा आणते. लाळेतही ते सापडते.

यापुढचा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. डासाचे जनुक चांगले की वाईट, हे विषाणूचे जनुक पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. थायलंडमधील डास आणि तिथलेच डेंग्यू विषाणू घेऊन लुई लाम्ब्रेख्त या संशोधकांनी केलेल्या अभ्यासांत डासांची अमुक वंशावळ सर्वच विषाणूंना सारखी विरोध करते असे आढळले नाही. कोणत्या वंशावळीसमोर विषाणूचा कोणता वाण आला, यावर निकाल बदलत गेला. २०१३ मध्ये तर डायसर-२ जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांचा विशिष्ट विषाणूंच्या प्रतिकाराशी संबंध दिसून आला. कुलूप आणि किल्ली यांची जोडी लागते, तसेच हे आहे. नुसत्या कुलपाची तारीफ करून भागत नाही.

यातली सर्वात गाजलेली किल्ली चिकुनगुन्याची. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर चिकुनगुन्याची साथ आली आणि सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या आजारी पडली. तिथे एडिस इजिप्ती नाममात्र होता. साथ पसरवली ती एडिस अल्बोपिक्टस या, बागांत आणि झाडीत रमणाऱ्या डासाने. विषाणूच्या आवरणावरच्या ई-१ प्रथिनात २२६ व्या जागी ॲलानिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आले होते, आणि एवढ्या एका बदलाने अल्बोपिक्टसच्या आतड्यात शिरणे त्याला कितीतरी सोपे झाले. २००७ मध्ये केरळमध्ये, जिथे रबराच्या मळ्यांत अल्बोपिक्टस मुबलक आहे, तिथल्या विषाणूतही हाच बदल सापडला. महाराष्ट्रात २००६ साली जी मोठी साथ आली, तिच्यातल्या विषाणूत मात्र हा बदल नव्हता. आपल्या गावा-शहरांत पाण्याच्या टाक्या आणि रांजण यांत वाढणारा इजिप्ती होता आणि त्याच्यासाठी विषाणूला वेगळी किल्ली घडवण्याची गरजच नव्हती. त्यापूर्वी १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला चिकुनगुन्याची साथ आली होती. मग हा आजार देशातून जणू नाहीसा झाला. पण २००० मध्ये पुणे जिल्ह्यातील यवत येथे पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांतून चिकुनगुन्याचा विषाणू मिळाला, आणि पुढे त्याची अक्षरे वाचल्यावर तो बार्शीच्या काळच्या आशियाई कुळातला नसून आफ्रिकी कुळातला निघाला. म्हणजे २००६ च्या पाच-सहा वर्षे आधी नवा भाडेकरू घरात शिरलेला होता. डासांची नियमित तपासणी कशासाठी करायची, असे कुणी विचारले की मी यवतचे नाव सांगतो.

झिकाचे उदाहरण उलट बाजूचे आहे. तिथे डासच वेगळे निघाले. १९४७ मध्ये युगांडात सापडलेला हा विषाणू आफ्रिकेत अनेक दशके वावरत होता, तरी मोठ्या साथी उसळल्या त्या पॅसिफिक बेटांवर आणि ब्राझीलमध्ये. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या एडिस इजिप्तींची तुलना केली, तेव्हा आफ्रिकेतील मूळच्या, अरण्यात राहणाऱ्या उपप्रकारात झिका कमी रुजतो आणि माणसाच्या मागोमाग जगभर पसरलेल्या उपप्रकारात सहज रुजतो, असे आढळले. आपल्याकडचा डास या दुसऱ्या गटातला. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसरला महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण आढळला आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात बरेच रुग्ण सापडले. आफ्रिकेतील साथींच्या अभावाचे सगळे श्रेय डासांच्या जनुकांना देणे मात्र मला घाईचे वाटते. तिथल्या लोकांची आधीची प्रतिकारशक्ती आणि निदानाच्या सोयींची कमतरता हीही कारणे आहेतच.

‘केवळ जनुकांमुळे नाही’ असे सुरुवातीला म्हटले, त्याचा खुलासा एका उदाहरणावर भागवतो. अळ्या थंड पाण्यात वाढवल्या तर पुढे त्या डासांत आरएनए-हस्तक्षेप दुबळा पडतो आणि विषाणू अधिक सहज रुजतो, असे प्रयोगांत दिसले आहे. जनुके तीच, पाणी निराळे, निकाल निराळा. पिण्यात आलेल्या रक्तातला विषाणूचा भार, आतड्यातले जिवाणू, अळीपणी मिळालेले अन्न, या सगळ्यांचा वाटा असतो. आणि आमच्या क्षेत्रातली एक जुनी खोड सांगायलाच हवी: प्रयोगशाळांत कित्येक दशके पाळलेल्या वाणांवर प्रयोग करून गावातल्या डासांबद्दल निष्कर्ष काढणे. पिंजऱ्यात शेकडो पिढ्या वाढलेला डास हा पोल्ट्रीतल्या कोंबडीसारखा असतो. रानकोंबडीबद्दल त्याला विचारून उपयोग नाही.

आता तिसरा भाग. डेंग्यू न पसरवणारा डास तयार करता येतो, आणि तो झालेलाही आहे. २००६ मध्ये कोलोरॅडोतच एडिस इजिप्तीत डेंग्यू-२ च्या जीनोमचा एक तुकडा उलटसुलट जोडून घातला, असा की रक्त प्यायल्यावर तो आतड्यात दुहेरी धागा बनून डायसर-२ ला आधीच जागे करील. आतड्यातला ढिला पहारा असा बाहेरून कडक केल्यावर विषाणू तिथेच गारद झाला. परंतु हे डास डेंग्यूच्या चारपैकी एकाच प्रकाराविरुद्ध उपयोगी होते आणि सुमारे १७ पिढ्यांनंतर त्यांचा हा गुण नाहीसा झाला. घातलेला तुकडा जागेवर होता, पण तो मुका झाला होता. १७ पिढ्या म्हणजे आपल्या हवामानात दीड-दोन वर्षे. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील ओमर अकबरी यांच्या गटाने चारही प्रकारांना निष्प्रभ करणारा मानवी प्रतिपिंडाचा अंश एडिसच्या जनुकांत घातला आणि प्रयोगशाळेत त्याचे परिणाम उत्तम आले. ही वाट मला जास्त आश्वासक वाटते, कारण ती डासाच्या स्वतःच्या यंत्रणेवर अवलंबून नाही आणि विषाणूने त्या यंत्रणेला चकवण्याचा कोट्यवधी वर्षांचा सराव इथे कामी येत नाही. तरीही एका अक्षराच्या बदलाने चिकुनगुन्याने काय केले ते आपण पाहिले. अशा डासांच्या सान्निध्यात विषाणू बदलणार नाही अशी हमी मी देणार नाही.

प्रत्यक्ष मैदानात जे यश आले ते जनुके न बदलता, व्होल्बाकिया हा कीटकांच्या पेशींत राहणारा आणि विषाणूची वाढ अडवणारा जिवाणू डासात घालून. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ८६ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. हे वाचून ‘मग डासाच्या जनुकांचा प्रश्नच उरत नाही’ असे कुणाला वाटेल, पण तसे नाही. २०१९ च्या एका अभ्यासात व्होल्बाकिया असलेल्या डासांतूनच पिढ्यान् पिढ्या निवड करत गेल्यावर विषाणू अडवण्याची ताकद बदलत गेली, आणि त्या बदलाचा धागा पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या कॅडहेरिन कुळातल्या डासाच्या एका जनुकापाशी पोचला. जिवाणू तोच, पण तो ज्या घरात राहतो त्या घराची बांधणी निकालात भाग घेते. पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने व्होल्बाकियाचा एकेक वेगळा वाण असलेल्या एडिस इजिप्तीच्या दोन वसाहती तयार केल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्यासाठी स्थानिक डासांशी संकर करण्यात आला होता तो याच कारणाने शहाणपणाचा होता. असे डास उद्या नागपूर, पुणे किंवा पणजीत सोडायचे ठरले, तर सोडण्यापूर्वी त्या शहरातून आणलेल्या अंड्यांच्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांशी त्यांचा संकर करावा, त्या शहरात त्याच हंगामात मिळालेल्या डेंग्यूच्या चारही प्रकारांसमोर आणि चिकुनगुन्या, झिका यांच्यासमोर त्या संकरातून झालेले डास ठेवावेत, आणि पोट किंवा पाय तपासून न थांबता काचनळीत उतरलेली लाळ तपासावी, एवढाच आग्रह मी धरीन.